शिक्का शेवटी वाचा: जपानी नैसर्गिक धारेचे दगड ऑनलाइन घेताना

नागपूरच्या लकडगंजात आरा मशीनच्या रांगेमागे एक मिस्त्रीकाका बसतात. सागवानाची दारं-चौकटी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. जपानहून मागवलेला माझा पहिला नैसर्गिक दगड मी मोठ्या हौसेनं त्यांना दाखवायला नेला. वरच्या तोंडावर, म्हणजे पातं घासतात त्या बाजूवर, जांभळ्या शाईत ठसठशीत शिक्के होते, त्यातला एक गोल, सगळ्यांत नावाजलेला. काकांनी आधी शिक्क्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. दगड उलटा केला, चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, ही पथरी चाललेली आहे. कोपरे पाहा ना, घासून गोल झाले. मंग तोंडावरचा शिक्का असा नवाकोरा कसा काय राहिला?"

काकांना जपानी वाचता येत नाही. तरीही मी महिनाभर वाचून जे पकडलं नव्हतं, ते त्यांनी अर्ध्या मिनिटात पकडलं. शिक्का दगड पहिल्यांदा पाण्याला लागण्याआधी मारला जातो. तोंडावर काम सुरू झालं की तो पुसला जातो. माझा दगड कुणीतरी वर्षानुवर्षं वापरला, मग तोंड नव्यानं सपाट केलं आणि त्यावर शिक्का उठवला. दगड जपानचाच होता, धारही बरी लावतो. पण मी पैसे दगडाचे नाही, शाईचे मोजले होते. विदर्भात आता जपानी पटाश्या, रंधे, सुऱ्या वापरणारे वाढत आहेत आणि त्यांच्यापैकी कुणावर ही वेळ येऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

शिक्का नेमकं काय सांगतो

क्योतो शहराच्या वायव्येला उमेगाहाता आणि आसपासच्या डोंगरांत शेवटच्या धारेचे बारीक दगड निघायचे. त्यांना 'अवासेदो' म्हणतात. नाकायामा, ओझुकु, शोबुदानी, ओकुदो, नारुताकी ही तिथल्या खाणींची नावं. खडक सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी खोल समुद्रात साचलेल्या अतिसूक्ष्म गाळाचा. आपल्या कामठीच्या वाळूखडकावरून भूगर्भशास्त्रात एका थराला नाव पडलं, तसंच तिकडच्या या खडकालाही भूवैज्ञानिक 'तोइशी' म्हणजे धारेच्या दगडावरूनच ओळखतात. कामठीच्या खडकातला वाळूचा कण साध्या भिंगाखाली दिसतो. अवासेदोचा कण त्या भिंगात दिसतच नाही, इतका तो बारीक असतो.

नाकायामाची खाण बंद होऊन अनेक दशकं झाली. बाकीच्याही बहुतेक बंद आहेत. म्हणजे माल वाढत नाही, मागणी मात्र जगभरातून वाढते. बनावट शिक्क्यांचं मूळ इथं आहे.

शिक्का हा रबरी ठसा आणि शाई. तो कधी खाणमालक मारायचा, कधी घाऊक व्यापारी, कधी शेवटचा दुकानदार. त्याची सरकारी नोंद नसते, प्रमाणपत्र नसतं. 'तोकुसेन' म्हणजे खास निवडलेला, 'सैजो' म्हणजे सर्वोत्तम. पण ही प्रतवारी ज्याची त्यानं ठरवलेली आहे, दोन दुकानांचा 'सैजो' सारखा असेलच असं नाही. 'होन्यामा' म्हणजे मूळ डोंगर. एकेकाळी तो शब्द ठरावीक खाणींपुरता होता, आज क्योतोकडच्या जवळपास कोणत्याही बारीक दगडाला सर्रास लावला जातो.

कळमन्याच्या बाजारात संत्र्याची पेटी घेताना आपण पेटीवरचं नाव वाचून पैसे देत नाही. वरचा थर बाजूला करून खालचं फळ दाबून पाहतो. दगडाचंही तसंच करायचं आहे, फक्त फोटोवरून.

फसवणूक कोणत्या चार वाटांनी येते

सगळ्यांत जास्त आढळते ती माझ्या वाट्याला आलेली: खरा जपानी दगड, पण साधा किंवा खाण माहीत नसलेला, आणि त्यावर नावाजलेल्या खाणीचा नवा शिक्का. ही ओळखणं सगळ्यांत अवघड, कारण दगड खोटा नसतोच. दुसरी वाट म्हणजे इतर देशांतले नैसर्गिक दगड, बहुतेकदा चीनमधले, जपानी म्हणून विकणं. तिसरी, कृत्रिम दगड नैसर्गिक म्हणून. चौथी, फुटलेले तुकडे चिकटवून बाजूंना जाड लाखेसारखा काळा लेप देणं. कडांना लेप देणं स्वतः वाईट नाही. पाणी थरांत शिरून दगड चिरू नये म्हणून जाणकारही तो देतात. पण लेप अपारदर्शक असेल आणि पाचही बाजूंना असेल, तर लेपाआधीचा फोटो मागाच.

पायरी १: काही अक्षरं डोळ्यांत बसवा

जपानी शिकायची गरज नाही. आकार ओळखता आले की पुरे.

'यामा', म्हणजे डोंगर: तीन उभ्या रेघा, मधली उंच, तळाशी एका आडव्या रेघेनं जोडलेल्या. त्रिशूळासारखा आकार. 'नाका', म्हणजे मध्य: एक चौकोन आणि त्याला वरपासून खालपर्यंत छेदणारी उभी रेघ. हे दोन शेजारी आले की 'नाकायामा'. 'होन': फांद्या पसरलेलं झाड आणि बुंध्यावर छोटी आडवी रेघ. त्याच्यापुढे 'यामा' आलं की झालं 'होन्यामा'. 'शो', म्हणजे अस्सल: पाच सरळ रेघांचं अक्षर. आपण चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी मारून मोजतो, तसं जपानमध्ये पाचापाचाची मोजणी याच अक्षराच्या पाच रेघांनी करतात. 'इशी', म्हणजे दगड: वर आडवी रेघ, तिच्यापासून डावीकडे उतरणारी तिरपी, खाली चौकोन.

आणि 'मारुका'. वर्तुळात कटाकाना या जपानी लिपीतलं 'का' हे अक्षर. नाकायामाच्या दगडांशी जोडलेला हा शिक्का सगळ्यांत प्रसिद्ध आहे आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त नकलला जातो. माझं स्पष्ट मत असं की, पहिल्या पाच खरेद्यांत मारुका शिक्क्याच्या दगडाकडे वळूच नका.

फोनमधल्या गूगल लेन्सनं शिक्का भाषांतरित करून पाहा. धूसर शाईवर ते चुकतं, पण विक्रेत्यानं वर्णनात लिहिलेलं खाणीचं नाव शिक्क्यात आहे की नाही एवढं तरी कळतं. वर्णनात 'ओझुकु' आणि दगडावर 'नाकायामा' असेल, तर पुढे वाचायची गरज नाही.

पायरी २: फोटो वाचणं

इथं वेळ द्या. एका दगडामागे मी आता निदान अर्धा तास फोटोच पाहतो, आणि शिक्क्याचा भाग बोटानं झाकून सुरुवात करतो.

आधी दगडाचं वय वाचा. कडा धारदार आहेत की गोल झाल्या आहेत? मध्यभागी खोलगट झालाय का? आडवा धरून काढलेल्या फोटोत हे दिसतं. एका टोकाची जाडी दुसऱ्यापेक्षा कमी असेल, तर तो वापरलेला आहे. आता बोट काढून शिक्का पाहा. वापराच्या खुणा आणि तोंडावरचा कोरा शिक्का एकत्र नांदत नाहीत. वापरलेल्या दगडावर जुना शिक्का टिकतो तो बाजूला किंवा पाठीवर, जिथं पातं पोचत नाही.

मग शाई आणि ओरखडे. तोंड नव्यानं सपाट केलं असेल, तर सगळ्या ओरखड्यांची दिशा एकसारखी, ताजी दिसते. शाई त्या ओरखड्यांच्या आत भरलेली असेल, तर ओरखडा आधी आणि शिक्का नंतर. ओरखडा शाईला कापून गेला असेल, तर शिक्का आधी. हीच कसोटी टवक्याला लावा. शिक्क्याच्या जागी दगडाचा टवका उडालेला असेल, तर जुन्या शिक्क्याची रेघ तिथं तुटते. टवक्याच्या खोलगट भागातही शाई उतरलेली दिसली, तर तो शिक्का टवका उडाल्यानंतरचा आहे. याला जपानी यायला लागत नाही, मोठा फोटो लागतो. विक्रेता छोटे, धूसर फोटो देत असेल, तर मोठे मागा.

लेपाबाबतही असंच. बाजूचा शिक्का लेपाखाली आहे की लेपावर? लेप जुना, पिवळसर, चिरलेला आणि शाई त्यावर ताजी, म्हणजे शंका घ्यायला जागा आहे.

दगडाची पाठ नक्की पाहा. नैसर्गिक दगडाच्या पाठीवर अनेकदा 'कावा' म्हणजे त्वचा असते: तपकिरी, खडबडीत, मूळ थराची नैसर्गिक फट. सगळ्याच दगडांना ती नसते, काही करवतीनं सहाही बाजू कापलेले असतात. पण कावा असेल तर कृत्रिम दगडाची शक्यता जवळपास संपते. सहाही बाजू अगदी काटकोनात, रंग आरपार एकसारखा, कुठेही रेघ नाही, ठिपका नाही, थर नाही, तर सावध व्हा. खऱ्या दगडाला चेहरा असतो: कावळ्यासारखे काळे ठिपके असलेला 'कारासु', नाशपातीच्या सालीसारखा ठिपकेदार 'नाशिजी', कमळासारख्या गुलाबी छटांचा 'रेंगे', पिवळसर 'कीइता', निळसर राखाडी 'आसागी'. बारीक छिद्रं असलेल्या थराला 'सुइता' म्हणतात. विक्रेता सुइता म्हणतो आणि फोटोत एकही छिद्र दिसत नाही, तर कुठलं छिद्र पाहून तो म्हणतो ते विचारा.

शेवटी त्याच विक्रेत्याचे बाकीचे दगड उघडा. पिवळा, राखाडी, छिद्रांचा, हिरवट, सगळ्यांवर त्याच जागी, त्याच शाईत, त्याच दाबानं तोच शिक्का असेल, तर तो शिक्का खाणीवरून नव्हे, विक्रेत्याच्या टेबलावरून आलेला आहे. माझा दगड ज्याच्याकडून आला, त्याच्या यादीत असे अकरा होते. मी तेव्हा एकच पान उघडलं होतं.

पायरी ३: वजनाचा हिशोब

लांबी, रुंदी, जाडी आणि कोरडं वजन विचारा. अवासेदोची घनता पाण्याच्या साधारण २.६ पट असते. समजा दगड २०५ × ७५ × ३० मिलीमीटर आहे. सेंटीमीटरमध्ये गुणाकार: २०.५ × ७.५ × ३ = सुमारे ४६१. गुणिले २.६ म्हणजे १,२०० ग्रॅमच्या आसपास. विक्रेता ८५० ग्रॅम सांगत असेल, तर एकतर मोजमाप चुकलं आहे किंवा तो भिजवून वापरायचा सच्छिद्र कृत्रिम दगड आहे. कोपरे तुटलेल्या दगडाला थोडी सूट द्या. हिशोब जुळला म्हणजे दगड खरा ठरत नाही, कारण घट्ट कृत्रिम दगडही जड असतात. पण जुळला नाही तर पैसे वाचले.

आणखी एक सोपी खूण: नैसर्गिक दगडाला ठरावीक नंबर, म्हणजे कणाच्या बारीकपणाचा आकडा, नसतो. 'नैसर्गिक, अचूक ८०००' असं कुणी ठासून सांगत असेल, तर त्याला दगड कळत नाही किंवा तुम्हाला कळत नाही असं तो धरून चाललाय. 'साधारण अमुक नंबरासारखी धार देतो' म्हणणारा चालेल.

पायरी ४: 'बहुधा' कुठे गळून पडतं ते शोधा

जपानी लिलावाच्या संकेतस्थळांवर भारतातून थेट बोली लावणं जमत नाही, मध्यस्थ सेवा घ्यावी लागते आणि पान मशीनच्या भाषांतरात वाचावं लागतं. तिथं तीन शब्दप्रयोग लक्षात ठेवा. 'शोसाइ फुमेइ' म्हणजे तपशील माहीत नाही. 'सान्ची फुमेइ' म्हणजे कुठला ते माहीत नाही. 'तो ओमोवारेमास' म्हणजे असावा असं वाटतं. जपानी विक्रेता प्रामाणिकपणे 'नाकायामाचा असावा असं वाटतं' लिहितो. तोच दगड विकत घेऊन दुसरा कुणी इंग्रजी पानावर टाकतो आणि 'असावा' गाळून 'नाकायामा' एवढंच ठेवतो. या टप्प्यावर किंमत फुगते. कधी कधी शिक्काही याच टप्प्यावर उमटतो.

म्हणून विक्रीच्या पानावरचा फोटो उचलून उलट शोध घ्या, म्हणजे त्या फोटोवरून तोच दगड आणखी कुठे दिसतो ते पाहा. तोच दगड काही महिन्यांपूर्वी जपानी पानावर बिनशिक्क्याचा सापडला, तर आणखी पुरावा लागत नाही. ठिपके आणि रेघा बोटांच्या ठशांसारख्या असतात, दगड बदलत नाही.

'सान्ची फुमेइ' लिहिणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो. त्याच पानावर 'नो क्लेम, नो रिटर्न' असंही बहुधा असेल. तिथं घ्यायचा तर दगड परत जाणार नाही हे धरूनच रक्कम ठरवा.

पायरी ५: विक्रेत्याला लिहा

मी पाठवतो तो निरोप साधारण असा असतो, लेन्स किंवा भाषांतराच्या अ‍ॅपमधून जाईल इतक्या छोट्या वाक्यांत:

"नमस्कार. मला हा दगड आवडला. कृपया सहाही बाजूंचे फोटो द्याल का? एक फोटो कोरड्या दगडाचा, एक ओल्या. शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा. शिक्का तुम्हाला दगडासोबत मिळाला की तुम्ही मारला? हा दगड तुम्ही स्वतः वापरून पाहिला आहे का? कोणत्या पोलादावर?"

शिक्क्याचा प्रश्न सरळ विचारा, त्यात अपमान नाही. काही दुकानदार आपल्या मालावर स्वतःचा शिक्का मारतात आणि तसं सांगतात. ते चुकीचं नाही. उत्तरात दगडाऐवजी गोष्ट आली, 'एका तलवार घडवणाऱ्याच्या वारसांकडून', 'जुन्या न्हाव्याच्या पेटीतून', तर मी थांबतो. गोष्ट खरी असेलही, पण तिनं पात्याला धार येत नाही.

पैसे कार्डानेच द्या, थेट खात्यावर नको. वाद घालायची सोय कार्डात राहते. त्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या, काम झालं की बंद करा. पार्सलवर खरी किंमत लिहायला सांगा. विक्रेत्यानं कस्टम वाचवायला कमी किंमत लिहिली, तर दगड फुटल्यावर किंवा खोटा निघाल्यावर दावा करायला आधार उरत नाही. हातानं धार लावायचे दगड कस्टमच्या ६८०४ शीर्षकाखाली येतात. शुल्क बदलतं, म्हणून मागवण्याच्या आठवड्यात तपासून ते किमतीत धरा.

पायरी ६: पार्सल आल्यावर पाणी लावू नका

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, एकाच सलग शॉटमध्ये. नंतर वजन आणि मोजमाप, स्वयंपाकघरातला काटा चालतो. उन्हात नव्हे, खिडकीच्या उजेडात तिरपा धरून शिक्का आणि ओरखडे पुन्हा तपासा. साधारण ६० पट मोठं दाखवणारं छोटं भिंग ऑनलाइन स्वस्तात मिळतं, ते घरी असू द्या. शिक्का ओल्या फडक्यानं पुसून पाहायचा मोह होईल. परत पाठवायचा असेल तर तेच तुमच्या विरुद्ध जाईल, पुसू नका. शंका पक्की असेल, तर इथंच थांबून तक्रार करा. मी उत्साहात पहिल्याच संध्याकाळी दगड घासायला बसलो होतो आणि परतीचा हक्क घालवून बसलो.

शंका नसेल तर दगडावर थोडं पाणी शिंपडा. भिजत घालू नका, थरांत पाणी शिरून तो चिरू शकतो. मऊ लोखंडावर कडक पोलाद जोडलेली जपानी पटाशी किंवा रंध्याचं पातं असेल तर ते घासून पाहा. चांगला नैसर्गिक दगड लोखंडाला धुक्यासारखी मंद झाक देतो आणि पोलाद त्यापेक्षा चमकदार राहतं. दोघांमधली रेघ स्वच्छ दिसते. एवढ्यावरून खाण ठरत नाही, ती कुणालाच ठामपणे ठरवता येत नाही. पण दगड कामाचा आहे की नाही ते तुमच्या हाताला कळतं.

आपल्या मे महिन्यात एक काळजी वेगळी: ओला दगड गच्चीवर किंवा खिडकीत उन्हात वाळवू नका, कूलरसमोरही नाही. फडक्यानं टिपून सावलीत ठेवा.

नागुराबद्दल थोडं

मुख्य दगडावर घासून धारेसाठीचा बारीक चिखल तयार करायचा छोटा दगड म्हणजे नागुरा. आइची प्रांतातल्या मिकावाचा पांढरा नागुरा नावाजलेला आहे. त्याचे थर भरडाकडून बारीककडे बोतान, तेंजो, मेजिरो आणि कोमा असे चढतात. कोमा सगळ्यांत महाग, म्हणून शिक्के खोटे निघायची भीती तिथंही आहे. तुकडा लहान असल्यानं फोटोत ओळखणं आणखी कठीण. सुरुवातीला मुख्य दगडाच्याच जातीचा छोटा तुकडा, ज्याला 'तोमो नागुरा' म्हणतात, तो घ्या, किंवा डायमंड प्लेटनं, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या पट्टीनं, चिखल तयार करा.

पहिला दगड कोणता, असं मला विचारतात. बिनशिक्क्याचा, वेड्यावाकड्या आकाराचा 'कोप्पा' घ्या, ज्याचा विक्रेता तो स्वतः वापरून पाहून सांगतो की मऊ आहे की कडक. त्याआधी १००० आणि ६००० चा साधा कृत्रिम दगड हातात बसलेला हवा. तो नसेल तर कोणत्याच नैसर्गिक दगडाची परीक्षा तुम्हाला करता येणार नाही.

दगड ठेवायचा ठरला की पहिल्या वापराआधी शिक्क्याचे, पाठीचे, बाजूंचे फोटो काढून ठेवा. विकत घेतलेल्या पानाची प्रत त्यासोबत जोडा. पुढे कधी विकलात तर घेणाऱ्याला ते सगळं द्या. माझ्या त्या पहिल्या दगडाच्या पाठीवर मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: 'खाण माहीत नाही. शिक्का नंतरचा. मध्यम कडक, पटाशीला चांगला.' मिस्त्रीकाकांकडे तो सध्या वापरात आहे.